कलमाचा चाकू, सुरी आणि पटाशीसाठी चामड्याचा पट्टा

मासळी कापताना सुरी घसरायला लागली की बहुतेक घरांत ती तशीच रेटतात, आणि अगदीच चालेनाशी झाली की धारवाल्याच्या चाकावर देतात. चाक दर खेपेला पात्याचं पोलाद खातं. ठिणग्या उडेस्तोवर दाबून धरलं तर पात्याचं पाणीही, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरतं. मग धार लागते, पण टिकत नाही. फळीवर चिकटवलेला, पातं घासायचा चामड्याचा पट्टा ठेवला तर ही खेप पुष्कळ लांबवता येते. मात्र पूर्ण बोथट किंवा दाते पडलेली सुरी पट्ट्यावर सुधारत नाही. तिला आधी निसणाच, म्हणजे धार लावायचा दगडच हवा.

निसण्यावर घासताना धारेच्या टोकाला पोलादाची अगदी पातळ कड दुसऱ्या बाजूला वळून उभी राहते. यंत्रशाळेत तिला बर म्हणतात. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही. पण कापसाचा बोळा पाठीकडून धारेकडे हलकेच ओढला की त्याचे तंतू तिच्यात अडकतात. बर तशीच राहिली तर सुरी पहिले दोन टोमॅटो छान कापते आणि तिसऱ्याला दाबावी लागते, कारण ती कड दुमडून धारेवरच झोपलेली असते. पट्टा ही कड मागे ओढून काढून टाकतो. त्यावर पॉलिश चोळलेलं असेल तर दगडाचे ओरखडेही बारीक होतात.

चामडं कोणतं

निम्मे पट्टे इथेच फसतात. हवं ते झाडपाल्याने कमावलेलं, म्हणजे बाभळीची साल, हिरडा यांच्यात मुरवलेलं, २ ते ३ मिलिमीटर जाड आणि टणक चामडं. कोल्हापुरी चपलांना हेच चामडं लागतं, त्यामुळे कोकणातून गगनबावड्याने किंवा आंबा घाटाने वर कोल्हापूरला जाणं होत असेल तर चपला करणाऱ्याकडे तळव्याचे उरलेले दोन तुकडे मागावेत. प्रत्येकी ३०० मिमी लांब आणि ६५ मिमी रुंद पुरतात. त्यांवर सुरकुत्या, गोचिडांच्या खुणा किंवा खळगे नकोत.

पर्स, जॅकेट, सोफा यांचं चामडं बहुधा क्रोमने कमावलेलं असतं. ते मऊ असतं आणि ताणलं की ताणतं. कापून बघितलं तर आतला भाग बऱ्याचदा निळसर करडा दिसतो. झाडपाल्याचं चामडं आतपर्यंत तपकिरी असतं. अंगठ्याचं नख दाबलं तर टणक चामड्यावर खूण उमटून राहते, मऊ चामडं पुन्हा फुगतं. हे फुगणंच घातक. पातं पुढे सरकलं की त्याच्या मागे चामडं वर येतं आणि धारेचं टोक गोल करतं. सुरी चकाकते, पण कापत नाही, आणि माणूस आणखी जोराने घासत बसतो. जुन्या कमरपट्ट्याचा पट्टा करायचा असेल तर आधी त्याची कड नीट बघा. स्वस्त कमरपट्ट्यांत दोन पातळ थरांमध्ये पुठ्ठा किंवा रेक्झिन असतं.

फळीवर चिकटवणं

फळी ४२० मिमी लांब, ६५ मिमी रुंद आणि १८ मिमी जाड घ्या. ३०० मिमी चामड्याला, उरलेली मुठीला. वाळलेलं सागवान उत्तम, चांगलं मरीन प्लायही चालतं. हापूसच्या पेटीची फळी घेऊ नका. ती पातळ आणि कच्च्या लाकडाची असते, पहिल्याच पावसात पिळवटते. काचेवर किंवा घोटलेल्या कडाप्प्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर अंथरून फळीच्या दोन्ही बाजू त्यावर सपाट करा. आधी फळीवर पेन्सिलीने तिरक्या रेघा मारल्या तर कुठे खळगा राहिला ते लगेच कळतं.

चामडं चांभाराच्या रापीने किंवा कटरने पोलादी पट्टीच्या आधाराने कापा. एका तुकड्याची खरखरीत बाजू वर ठेवायची. हा पॉलिशचा पट्टा. फळीच्या दुसऱ्या बाजूला गुळगुळीत बाजू वर. हा कोरा पट्टा, शेवटच्या फेऱ्यांसाठी. गुळगुळीत बाजूवर मेण किंवा रंगाचा थर असेल तर २२० नंबरच्या पेपरने हलकेच उतरवा. चिकटवायला चांभाराचं रबर सोल्यूशन बरं. दोन्ही पृष्ठांवर पातळ थर द्या, १० ते १५ मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की एका टोकापासून दाबत न्या. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून कड आधीच जुळवून घ्या. पावसाळी हवेत सोल्यूशन सुकायला जास्त वेळ लागतो. घाई केली तर मध्ये फुगे राहतात, आणि फुग्यावर पातं आलं की चामडं कापलं जातं. पांढरा फेविकॉलही चालतो, पण त्यातल्या पाण्याने चामडं वाकतं, तेव्हा रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवावं लागतं.

पॉलिश म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी हिरवी वडी घ्या. तिच्यातला क्रोमियम ऑक्साइड पोलाद बारीक घासतो. खरखरीत बाजूवर वडी आडवी-उभी चोळा. थर पातळ हवा, खालून चामड्याचा रंग दिसत राहिला पाहिजे. वडी कोरडी असेल आणि भुगा पडत असेल तर चामड्यावर आधी खोबरेल तेलाचे दोन थेंब पसरा. थंडीच्या सकाळी तेल गोठलेलं असतं, ते तळहातावर विरघळवून घ्यावं. दोन थेंबांच्या वर मात्र जाऊ नका, तेलाने चामडं मऊ पडतं आणि पुन्हा तेच फुगणं सुरू होतं. इंजिनाच्या व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट वापरू नका, तिचे कण फार जाड असतात.

हात कसा चालवायचा

फळी ओट्याच्या कडेला टेकवा. पातं मुठीकडच्या टोकापासून पट्ट्यावर ठेवा आणि पाठ पुढे, धार मागे असं ओढत न्या. धार पुढे करून कधीच नाही, चामडं सोललं जाईल. एका फेरीत पाते मुळापासून टोकापर्यंत तिरकं सरकलं पाहिजे. शेवटाला थांबा, मग सरळ वर उचला. थांबण्याआधीच मनगट वळलं तर धार टोकाशी गोल होते. नव्या हाताची सर्वांत मोठी चूक हीच. बाजू बदलताना पातं पाठीवरून फिरवा, धारेवरून नाही.

कोनासाठी हिशोब सोपा आहे. पातं ४० मिमी रुंद असेल तर पाठ पट्ट्यापासून साधारण १० मिमी उचलली की १५ अंश, १४ मिमीला २० अंश. खात्री करायची तर धारेच्या उतारावर काळ्या मार्करची रेघ मारा आणि दोन-तीन फेऱ्या काढून बघा. शाई फक्त वरच्या अंगाला गेली असेल तर पाठ फार खाली आहे. फक्त टोकाशीच गेली असेल तर फार वर आहे. पूर्ण उतारावरची गेली की तो कोन हाताला बसवून घ्या.

दाब कमीच हवा. पट्टा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून फेरी काढून बघा: २०० ते ३०० ग्रॅम दिसले तर ठीक, किलोभर दिसला तर धार बिघडवणं चाललं आहे. पॉलिशवर प्रत्येक बाजूला आलटून-पालटून ८ ते १० फेऱ्या, मग कोऱ्या पट्ट्यावर तेवढ्याच. पॉलिशवर काळसर पट्टे उमटू लागले की पोलाद झिजतं आहे, म्हणजे काम चालू आहे. वीस फेऱ्यांनंतरही सुरी वर्तमानपत्राचा कागद फाडतच असेल तर पट्टा सोडा आणि निसणा काढा. दिव्याखाली धार तोंडासमोर धरली तर बोथट जागी पांढरे ठिपके चमकतात; चांगल्या धारेवर काहीच दिसत नाही.

कलमाचा चाकू

पट्ट्याचं सर्वांत मोठं चीज आंब्याच्या कोय कलमात, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर काडी बसवताना होतं. ही कलमं जून ते ऑगस्टमध्ये होतात. रोपाला दिलेली चीर आणि काडीची पाचर दोन्ही ४ सेंटीमीटरच्या आसपास, आणि दोघांचे काप एकमेकांना बिनफट बसले पाहिजेत. चाकू बोथट असेल तर पेशी चेंगरतात, कड दोरेदार होते, फटीत हवा राहते आणि काडी सुकते. पाचरेची प्रत्येक बाजू एकाच ओढीत उतरली पाहिजे.

बऱ्याच कलमाच्या चाकूंना एकाच बाजूला उतार असतो. उताराची बाजू त्याच कोनात ८-१० फेऱ्या न्या. सपाट बाजू पूर्ण टेकवून फक्त २-३. ती जराही उचलली तर सपाटपणा गेला आणि मग पाचर सरळ उतरत नाही. काम चालू असताना तीस-चाळीस कापांनंतर कोऱ्या पट्ट्यावर ५-६ फेऱ्या पुरतात. त्याआधी पात्यावरचा चीक स्पिरिटच्या फडक्याने पुसा, नाहीतर तो चामड्यावर चढून चिकट थर करतो. पट्ट्यानंतर पुन्हा स्पिरिटने पुसायचं, पॉलिशचं मेण कापावर जाता कामा नये.

इतर हत्यारं थोडक्यात. पटाशीचा उतार पूर्ण टेकवून मागे ओढा, पाठ सपाट ठेवून दोन फेऱ्या. सावंतवाडीच्या खेळण्यांसारख्या बारीक कामाच्या गोल पटाशीला आतून घासायला २५ मिमीच्या गोल दांड्याला चामडं गुंडाळा. कोयतीच्या आतल्या वळणालाही तोच दांडा. विळी किंवा आडाळो पाटाला बसवलेला असतो, म्हणून तिथे पट्टा हातात धरून पात्याकडे न्यायचा, मुळाकडून टोकाकडे, आणि बोटं नेहमी पाठीच्या बाजूला. खवणीचे दाते आणि दातेरी सुरी यांना पट्टा लावू नका. नारळ फोडायच्या कोयत्याला चकचकीत धार देण्यात अर्थ नाही, करवंटीवर पहिल्याच घावात ती जाते.

पावसाळा

कोकणात चामड्याला खरा धोका बुरशीचा. कलमांचा हंगाम आणि सर्वांत ओली हवा एकाच वेळी येतात, म्हणून पट्टा वापरून झाला की झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या महिन्याने बदला किंवा वाळवा. चुलीवर टांगू नका, उष्णतेने चामडं कडक होऊन तडकतं आणि धुराची काजळी बसते. बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसा, स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवा आणि सावलीत वाळवा. उन्हात फळी आणि चामडं वेगवेगळी आकसतात, कडा सुटतात.

मासळी कापलेली सुरी धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच पट्ट्यावर आणा. मिठाचा अंश चामड्यात गेला तर तो ओल ओढतो आणि पुढच्या पात्याला गंज चढवतो. कैरी किंवा रातांबे कापलेल्या लोखंडी पात्याचंही तेच, तिथे आम्ल असतं.

पॉलिशचा थर काळा, तुकतुकीत आणि घसरडा झाला की त्याची धार गेली. पात्याच्या पाठीने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून काढा, पृष्ठ २२० नंबरच्या पेपरने उघडं करा आणि वडी पुन्हा चोळा. लहान काप पडला असेल तर त्याची उभी राहिलेली कड पेपरने घासून घ्या, पट्टा चालतो. काप खोल असेल, किंवा चामडं मधोमध बसून खळगा झाला असेल, तर तुकडा उचकटून नवा लावा.