जाणिवेच्या संशोधनाबद्दल वाचताना या चुका टाळा

"माझी वेदना मलाच कळते, विज्ञानाला काय कळणार?" असं म्हणून विषय मिटवून टाकू नका. अनुभव खासगी असतो हे खरंच, पण माणूस त्याबद्दल जे सांगतो ते नोंदवता आणि ताडून पाहता येतं. रंगांधळे असलेले शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये स्वतःला रंग कसे दिसतात ते मांडलं. १९९५ मध्ये त्यांच्या जतन केलेल्या डोळ्याचा डीएनए तपासला, तेव्हा त्यांच्या वर्णनाशी जुळणारा जनुकीय दोष सापडला. खासगी वर्णन दोनशे वर्षांनी तपासता आलं!

दुसरी चूक जास्त फसवी आहे: अनुभव येणं आणि तो कळवणं एकच समजणं. एका डोळ्याला डावीकडे सरकणारे पट्टे दाखवा, दुसऱ्याला उजवीकडे सरकणारे. दोन्ही चित्रं तशीच राहतात, पण दिसतं त्यातलं एकच आणि ते काही सेकंदांनी आपोआप पालटतं. म्हणजे बदलतो तो निव्वळ अनुभव. पालट झाली की बटण दाबायला सांगितलं, तर स्कॅनमध्ये मेंदूचा पुढचा भाग जोरात कामाला लागलेला दिसतो. बरीच वर्षं त्यालाच जाणिवेची खूण मानणारे संशोधक होते. २०१४ मध्ये काही संशोधकांनी बटण काढून घेतलं. दिसणाऱ्या पट्ट्यांमागे डोळे नकळत सरकतात, त्यावरूनच त्यांनी पालट ओळखली. पुढच्या भागातली ती धामधूम बरीच ओसरली! तिच्यातला मोठा वाटा पालट लक्षात घेऊन कळवण्याचा होता. म्हणून 'मेंदूत जाणिवेची जागा सापडली' अशी बातमी आली, की आधी बघा: समोरच्याला काय जाणवतंय हे संशोधकांनी ओळखलं कशावरून?

उत्तर नाही म्हणजे जाणीव नाही, असंही धरू नका. मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटाने २००६ मध्ये, कोणताच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये टेनिस खेळण्याची कल्पना करायला सांगितलं. तिच्या मेंदूत निरोगी माणसांसारखीच हालचाल उमटली. अशा रुग्णाच्या उशाशी बोलताना हे विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि स्कॅनकडून 'का'चं उत्तर मागू नका. २५ वर्षांत जाणिवेची स्पष्ट खूण मेंदूत सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ ख्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी लावली आणि २०२३ मध्ये ते हरले. पैज फक्त खुणेची होती. त्या खुणेसोबत अनुभव मुळात का येतो, हा चाल्मर्स यांचा अवघड प्रश्न तिच्यात नव्हताच.