पहिले ५० टर्न दोनदा खेळा

इंदूरला उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आला की दुपारभर आमचं सिव्हिलायझेशन ६ (शहरं वसवून आपलं राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम) चालतं, आणि नवीन खेळणाऱ्याला मी एकच सांगते, पहिला गेम जिंकायला खेळूच नका. पहिल्याच टर्नला वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, ५० टर्न खेळा, आणि मग तीच सेव्ह उघडून परत पहिल्यापासून सुरू करा. नकाशा तोच असतो, त्यामुळे आधी कुठे चुकलो ते लगेच कळतं, नदी चार घरं (नकाशावरचे चौकोनासारखे तुकडे) पलीकडेच होती आणि आपण शहर कोरड्या जागी वसवलं वगैरे (गोड्या पाण्याजवळ हाउसिंग, म्हणजे शहरात लोक राहायची जागा, ५ मिळतं, पाणी नसेल तर फक्त २, मग लोकसंख्या लवकरच अडकते).

चालीचा हिशोब मात्र नीट समजून घ्या, इथेच सगळे अडखळतात. एका टर्नला चालायला वॉरियरला (लढणारा सैनिक) २ पॉइंट, स्काउटला (नकाशा शोधणारा) ३. सपाट घराला १ लागतो, टेकडीला २. वॉरियर आधी सपाट घरावर गेला तर उरलेल्या १ मध्ये टेकडी चढताच येत नाही, म्हणून टेकडी आधी घ्यायची, वरून लांबचंही दिसतं. भाच्याला हे कळल्यावर तो प्रत्येक टर्नला बोटाने घरं मोजून मगच क्लिक करायला लागला, मला फार बरं वाटलं.

आणि हो, स्काउट पहिलाच बनवा, सिटी-स्टेटला (एका शहराचं छोटं स्वतंत्र राज्य) सगळ्यात आधी भेटलात तर तिथे एक एन्व्हॉय (आपला दूत) फुकट मिळतो.