पाच पानांची साइट आणि तिचा सातबारा

डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. डोमेन म्हणजे नाव. होस्टिंग म्हणजे रात्रंदिवस चालू असलेल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर तुमच्या फाइलींसाठी भाड्याने घेतलेली जागा. जागा कधीही बदलता येते, वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नाव मात्र गेलं की गेलं. म्हणून डोमेनकडे मी सातबाऱ्यासारखं बघते: जमीन कसतो कोण ते नंतर, उताऱ्यावर नाव कुणाचं ते आधी सांगा.

मी मिरजेत डीटीपी करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कवितासंग्रह. हल्ली तेच गिऱ्हाईक विचारतं, "ताई, साइट पण करून देता का?" देते. पण ज्यांना पाचच पानं हवी आहेत (मी कोण, माझं काम, थोडे फोटो, काही लेख, संपर्क), त्यांना मी शेजारी खुर्ची देऊन बसवते आणि त्यांच्याच हाताने करून घेते. इथे तेच लिहिते आहे.

आमच्याकडच्या एका क्लासवाल्या सरांची साइट त्यांच्या विद्यार्थ्याने हौसेने काढून दिली होती. डोमेन त्या मुलाच्या ईमेलवर. मुलगा नोकरीला बाहेर गेला, जुना ईमेल त्याने सोडला, मुदत संपत आल्याचे मेल कुणी उघडलेच नाहीत. आज सरांच्या जुन्या पत्रकावरचा पत्ता टाकला की भलतीच जाहिरात उघडते. मुलाचा हेतू चांगला होता, पण त्याचा काय उपयोग?

तेव्हा डोमेन विकत घेताना खातं तुमच्या ईमेलवर, मालक म्हणून तुमचं नाव आणि मोबाइल नंबरही तुमचाच. दुसऱ्याने करून दिलं तरी पासवर्ड तुमच्या वहीत. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग घेतलंत तर लगेच एक पडताळणीचा मेल येतो. त्यातली लिंक १५ दिवसांत दाबली नाही तर डोमेन बंद पडतं. लोक तो मेल जाहिरात समजून पुसतात. खऱ्या जाहिरातींचाही पूर येईल: "आम्ही साइट बनवून देतो" म्हणून फोन, "तुमच्या डोमेनची नोंद संपत आली" म्हणून बिलासारखे दिसणारे मेल. जिथून डोमेन घेतलं त्या खात्यात स्वतः जाऊन तारीख बघायची. मेलमधल्या लिंकवरून पैसे भरायचे नाहीत.

नाव रोमन अक्षरांत, छोटं, फोनवर एकदा सांगून समोरच्याला लिहिता येईल असं घ्या. 'देशपांडे'मध्ये शेवटी 'ई' किती आणि 'एच' कुठे, हे ज्यांना रोज समजावावं लागतं त्यांनी आडनाव टाळलेलंच बरं. देवनागरीतही डोमेन मिळतं. डॉट भारत २०१४ पासून आहे आणि डॉट इनसारखंच ते निक्सी ही संस्था सांभाळते. मला ते मनापासून आवडतं, तरी एकुलतं एक नाव म्हणून घ्या असं मी सांगत नाही. आतल्या यंत्रणेला देवनागरी कळत नाही, ती त्या नावाचं 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रोमन रूप करते. काही ठिकाणी लिंक चिकटवली की तेच अगम्य रूप दिसतं. त्या नावाचा ईमेलही बरेच ऑनलाइन फॉर्म घेत नाहीत. डॉट इन मुख्य ठेवा, डॉट भारत हौसेने जोडीला.

ऑटो-रिन्यू चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याबद्दलचे नियम कडक झाले, त्यामुळे परदेशी कंपनीकडचं ऑटो-रिन्यू भारतीय कार्डावर अडू शकतं. एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरून टाकणं सोपं. जास्तीत जास्त १० वर्षांचे भरता येतात.

आता होस्टिंग. जाहिरातीत पहिल्या वर्षाचा भाव मोठ्या टायपात असतो आणि नूतनीकरणाचा ६ पॉइंटात. आम्ही टाइप लावणारी माणसं, आम्हाला ही युक्ती ठाऊक असते. नूतनीकरणाचा भाव शोधा, त्यात १८ टक्के जीएसटी मिळवा, तोच तुमचा खरा दर. 'अनलिमिटेड' या शब्दाला भुलू नका, फाइलींच्या संख्येवर कुठेतरी मर्यादा लिहिलेली असतेच. आपल्या पाच पानांना फोटोंसकट २०-३० एमबी लागतील, म्हणजे सगळ्यात स्वस्त लिनक्स शेअर्ड प्लॅन (एकाच कॉम्प्युटरवर अनेकांच्या साइट) पुरे. विकणारा डोमेनला नाव-लपवण्याची सेवा, ईमेलची पेटी, सुरक्षेचं पॅकेज असं कायकाय टोपलीत टाकून ठेवतो. ते सगळं काढा. एसएसएल (पत्त्याला 'एचटीटीपीएस' लागायला हवं ते सर्टिफिकेट) फुकट मिळतं का, एवढंच विचारा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

फुकटात का नको, असं विचारणारे भेटतात. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून तयार होणाऱ्या फुकट साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या आणि दुकानदारांनी पाट्यांवर छापलेले पत्ते वाया गेले. फुकट जागा वापरायला हरकत नाही, पण तिच्यापुढे नाव आपलं असावं. म्हणजे जागा बंद झाली तरी नाव दुसरीकडे वळवता येतं.

डोमेन आणि होस्टिंग वेगवेगळ्या कंपन्यांकडे असेल (माझा सल्ला तोच), तर त्यांची गाठ घालावी लागते. होस्टिंग घेतल्यावर आलेल्या पहिल्या मेलमध्ये दोन नेमसर्व्हर (नाव कुठल्या जागेकडे वळवायचं ते सांगणारे पत्ते) दिलेले असतात. डोमेनच्या खात्यात जाऊन जुने नेमसर्व्हर काढायचे आणि हे दोन टाकायचे. कधी तासाभरात होतं, कधी दोन दिवस लागतात. घरच्या वाय-फायवर जुनं दिसतं आणि मोबाइल डेटावर नवीन, असंही होतं. घाबरून परत परत बदलत बसू नका. तेवढ्या वेळात पानं तयार करू.

वर्डप्रेस (ब्राउझरमधूनच पानं लिहायची-बदलायची यंत्रणा) लावू का? रोज लिहिणार असाल तर लावा. पाच पानांसाठी नको. त्याला सतत अपडेट लागतात, प्लगइन (वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) जुनं झालं की कुणीतरी आत शिरून औषधांच्या जाहिराती लावून जातं. साध्या एचटीएमएल फाइलीत शिरण्यासारखं काही नसतं आणि वीस वर्षांनीही ती उघडते.

व्हीएस कोड हा फुकट एडिटर उतरवून घ्या. नवी फाइल 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' या नावाने सेव्ह करा, रोमन स्मॉल अक्षरांत. आत नुसतं उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबा, पानाचा पूर्ण सांगाडा तयार होतो. त्यात यूटीएफ-८ची (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते ब्राउझरला सांगणारी) ओळ आपोआप येते, ती हलवायची नाही. ती नसली तर तुमचं मराठी चौकोन आणि प्रश्नचिन्हांत जाऊ शकतं. वर 'लँग'पुढे इंग्रजीचं 'ईएन' असतं, तिथे 'एमआर' करा. यामुळे ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. नोटपॅडमध्येही हे सगळं होतं, फक्त सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर नावाला मागून टीएक्सटी चिकटतं आणि विंडोज ते लपवून ठेवतं.

मजकूर जुना असेल तर खरं काम इथे आहे. श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टात टाइप केलेले लेख कॉपी करून चिकटवले की रोमन अक्षरांचा कचरा पडतो, कारण त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं बसवलेली असतात. ते युनिकोडमध्ये (या पद्धतीत मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असतात) बदलणारे कन्व्हर्टर आहेत आणि ते बऱ्यापैकी काम करतात. बऱ्यापैकीच. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षरावरची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफार एक घर सरकतो. 'आचाऱ्यांना जेवण सांगितलं' याचं 'आचार्यांना' होतं आणि स्वयंपाकी एकदम विद्वान होतो. म्हणून कन्व्हर्ट झाल्यावर छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. स्पेलचेकवर सोडू नका, कारण चुकून झालेला शब्दही कोशातला असतो.

फॉन्ट कुठला? मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. लेख मोठे असतील तर टिरो देवनागरी मराठी बघा, ते मराठी वळण धरूनच काढलंय. तिन्ही मोफत आहेत आणि फॉन्टची फाइल तुमच्याच फोल्डरात ठेवायला परवानगी आहे. अक्षर १८ पिक्सेलच्या खाली नको, ओळींतलं अंतर दीड ते पावणेदोन पट, कारण आपल्या मात्रा आणि उकार वर-खाली जागा मागतात. आणि एक हात जोडून विनंती: मथळ्याला अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजी फॅशन मराठीत आणू नका. शिरोरेघ तुटते, शब्दाचे तुकडे लोंबकळतात. शहरभर फ्लेक्सवर हे पाहून माझे डोळे दुखतात.

फोटोंचं थोडक्यात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून सतारमेकर गल्लीतले काही कारागीर साइटबद्दल विचारू लागलेत. त्यांच्या फोनमधले भोपळ्याचे, नक्षीचे फोटो चार-पाच एमबीचे असतात. रुंदी १४०० पिक्सेल करा, जेपीजी म्हणून सेव्ह करा, दोन-तीनशे केबीत काम होतं. घरात काढलेल्या फोटोत घराचं जीपीएस ठिकाण दडलेलं असू शकतं. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ती माहिती काढून टाकायची सोय आहे. फोटोंची आणि पानांची नावं रोमन स्मॉल अक्षरांत, मधे जागा न सोडता. होस्टिंगच्या लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल वेगळे वाटतात, तुमच्या विंडोजला नाही. त्यामुळे घरी दिसणारा फोटो वर चढवल्यावर गायब होतो आणि माणूस दिवसभर कारण शोधतो.

चढवायचं कसं? होस्टिंगच्या खात्यात सीपॅनेल उघडा. (काही कंपन्यांचं पॅनेल वेगळं दिसतं, पण 'फाइल मॅनेजर' सगळीकडे असतो.) त्यात 'पब्लिक' आणि 'एचटीएमएल' अंडरस्कोअरने जोडलेल्या नावाचं फोल्डर आहे. जगाला दिसतं ते एवढंच. आत कंपनीने ठेवलेलं 'लवकरच येत आहे'छाप पान असेल तर उडवा. आता तुमच्या कॉम्प्युटरवर साइटच्या फोल्डरच्या आत जा, सगळ्या फाइली निवडा, झिप करा, ती झिप अपलोड करून तिथेच 'एक्स्ट्रॅक्ट' करा. फोल्डरच झिप केलंत तर फोल्डरात फोल्डर होतं आणि मुख्य पत्त्यावर ४०३चा, म्हणजे 'बघायला परवानगी नाही'चा, फलक लागतो. तसं झालं तर आतल्या फाइली एक पायरी वर हलवा. तरीही ४०३ असेल तर परवानग्या बघा: फाइलींना ६४४, फोल्डरांना ७५५. ७७७ करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याचा अर्थ कुणीही येऊन लिहावं. बदल केला आणि दिसत नसेल तर आधी कंट्रोल धरून एफ-५ दाबा, ब्राउझर जुनंच पान दाखवत असतो.

नेमसर्व्हर बसले आणि साइट दिसायला लागली की मगच एसएसएलकडे वळा. आधी प्रयत्न केला तर सर्टिफिकेट मिळत नाही, कारण डोमेन अजून या जागेकडे वळलेलंच नसतं. बहुतेक ठिकाणी ते आपोआप लागतं. नसेल तर पॅनेलमध्ये एसएसएलच्या पानावर बटण सापडेल. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होत राहतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता, दोन्ही पत्ते उघडून बघा. मग डोमेनच्या यादीत 'फोर्स एचटीटीपीएस'चं बटण सुरू करा. पत्त्याशेजारी ब्राउझर अजूनही 'नॉट सिक्युअर' दाखवत असेल तर एखाद्या फोटोचा पत्ता पानात जुन्या 'एचटीटीपी'ने लिहिलेला असेल.

साइटची सगळी प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर आहेच, ती पेनड्राइव्हवरही टाका. होस्टिंगवाला बॅकअप ठेवतो म्हणतो, ठेवू दे. आपल्याकडे फोल्डर आणि डोमेनचा पासवर्ड असला की उद्या तो दुकान बंद करून गेला तरी संध्याकाळपर्यंत साइट दुसरीकडे उभी राहते.

शेवटचं काम गुगल सर्च कन्सोलचं, म्हणजे गुगलच्या शोधात आपली साइट यावी म्हणून सांगायच्या जागेचं. तिथे 'यूआरएल प्रीफिक्स' निवडून साइटचा 'एचटीटीपीएस'सकट पूर्ण पत्ता नोंदवा, ते एक छोटी फाइल देतील, ती मुख्य फोल्डरात टाका, पडताळणी झाली की मुख्य पानाचा पत्ता देऊन नोंद मागा. पाच पानांना साइटमॅप (गुगलसाठी पानांची यादी) वगैरे लागत नाही. गुगलला चार दिवस लागतील की चार आठवडे, ते त्याच्या मर्जीवर. तोवर लिंक घरच्यांच्या ग्रुपवर टाका आणि निरनिराळ्या फोनवर उघडायला सांगा, विशेषतः जुन्या अँड्रॉइडवर. जोडाक्षर कुठे फुटलं, फोटो कुठे आडवा झाला, शुद्धलेखन कुठे हुकलं, हे काका-आत्या मंडळी न विचारता सांगतात.