फॅब्रिक पेंटिंग शिकायचंय? आधी साध्या रुमालावर हात बसवा

नवीन शिकणारे बरेच जण थेट चांगल्या कुर्त्यालाच हात घालतात, मग रंग पसरतो, मूड जातो आणि ब्रश कपाटात पडतात ते पडतातच. तसं करू नका. साताऱ्यात राजपथावर किंवा मोती चौकाच्या आसपास कुठल्याही कापडाच्या दुकानात पांढरं सुती पॉपलीन मिळतं, अर्धा मीटर घेतलं तरी सरावाला भरपूर होतं. टेरिकॉट, पॉलिस्टर नको, त्यावर रंग नीट धरत नाही आणि धुतला की पापुद्रे निघतात.

कापड आणलं की पहिलं काम म्हणजे ते धुणं. कंटाळा येतो, मान्य, पण नव्या कापडाला खळ असते आणि ती निघाल्याशिवाय रंग आत मुरत नाही, वरवर बसतो. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतं, ते चित्र काढायच्या आधीच आटलेलं बरं. सॉफ्टनर वगैरे काही घालू नका, साध्या पावडरीनं धुवा, वाळवा, इस्त्री मारा.

आता कलर. फेविक्रिल किंवा कॅमलिनच्या अ‍ॅक्रिलिक रंगांच्या छोट्या बाटल्या स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळतात. दुकानदार मोठा सेट दाखवेल, तो राहू द्या. लेमन यलो, क्रिमसन, निळा, हिरवा, थोडा ब्राऊन आणि पांढरा एवढ्यावर खूप काही होतं. पांढरा मात्र मोठा घ्या, तोच सगळ्यात आधी संपतो कारण प्रत्येक फिकट शेड त्यातूनच बनते. सोबत फॅब्रिक मीडियमची (कापडावर रंगवताना रंगात मिसळायचं द्रावण) एक बाटली आणि नायलॉनचे तीन ब्रश, गोल 0 आणि 4 नंबर आणि एक चपटा 6 नंबर. आईची भरतकामाची रिंग घरात असेल तर ती काढा, कापड ताणून धरायला तिच्यासारखं काही नाही. कापडाखाली पुठ्ठा आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी ठेवा, नाहीतर टेबलावर पण पेंटिंग होईल. अंगावर जुना ड्रेस घाला, हा रंग एकदा वाळला की कपड्यावरून निघत नाही, आपल्याला तेच तर हवं असतं.

डिझाईन काय काढायचं? आपल्या इथं कास पठार असताना इंटरनेटवरचे गुलाब कशाला. सोनकीचं पिवळं फूल सुरुवातीला एकदम सोपं. पेन्सिलनं हलक्या हातानं काढा किंवा कार्बन पेपरनं छापा, कार्बन पिवळा घ्या, काळ्याची रेघ पिवळ्या रंगाखालून दिसत राहते.

खरी गंमत पुढं आहे आणि बहुतेकांचं बिघडतं पण तिथंच. रंगात पाणी घालायचं नाही. पाणी झालं की कापड ते ओढून घेतं आणि पाकळीच्या बाहेर डाग पसरतो. रंग घट्ट वाटला तर मीडियमचा एखादा थेंब टाका, आणि ब्रश धुतल्यावर फडक्यावर चांगला कोरडा करूनच पुढच्या रंगात बुडवा. 4 नंबरचा ब्रश पाकळीच्या टोकाला टेकवा, हलकं दाबा आणि मधल्या बाजूला ओढत ओढत उचला, एका ओढीत एक पाकळी होते. पाकळी ओली असतानाच बुडाशी किंचित ब्राऊन मिसळलेला पिवळा लावा आणि बाहेरच्या दिशेनं फिरवा, शेडिंग आपोआप होतं. वाळल्यावर हेच करायला गेलात तर रेघ उठून दिसते. मध्यभागी ब्राऊनचे ठिपके. हात बसला की तेरडा करा, क्रिमसनमध्ये पांढरा टाकून गुलाबी होतो. सीतेची आसवं ते इवलंसं जांभळं फूल मात्र 0 नंबरच्या ब्रशचं काम आहे, घाई नको.

काम थांबवलं की ब्रश लगेच धुवा, अगदी चहाला उठलात तरी. रंग केसात वाळला की तो ब्रश गेला. आणि पाण्याच्या ग्लासात डोक्यावर उभे करून ठेवू नका, केस वाकतात.

पूर्ण झालेलं काम निदान 24 तास पंख्याखाली वाळू द्या. पावसाळ्यात इथली हवा माहितीच आहे, दोन दिवस लागले तरी लागू देत. मग कापड उलटं करून कॉटनच्या सेटिंगवर, वाफ बंद ठेवून, काही मिनिटं इस्त्री फिरवा, त्यानं रंग पक्का होतो. पहिली धुलाई तीन दिवसांनंतर, उलट्या बाजूनं, गार पाण्यात, हातानं. घासायचा ब्रश आणि ब्लीच दोन्ही लांब ठेवा.

गडद कापडावर करायचं असेल तर आधी डिझाईनपुरता पांढरा हात द्या, तो वाळू द्या, मग वर रंग, नाहीतर पिवळी सोनकी मळकट दिसते.