मोठ्या जनावरासमोरची रायफल: बेळगाव-खानापूरहून आफ्रिकेला निघालेल्या पोरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली जी पोरं आफ्रिकेतल्या सफारी कॅम्पवर कामाला यायचं म्हणतात, त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "दादा, कुठली रायफल शिकून येऊ?" हा पहिला. आणि लगेच दुसरा, "सगळ्यात ताकदीची कुठली?" पहिल्याचं उत्तर सरळ आहे: .३७५ एच अँड एच मॅग्नम. दुसरा प्रश्न डोक्यातून काढून टाका. माझा इथला पहिला हंगाम त्यानंच खाल्ला.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट कानात घालून ठेवा. मी लिहितोय ते आफ्रिकेत परवान्यावर चालणाऱ्या शिकारीबद्दल आणि पायी सफारीत गाईड संरक्षणासाठी जी रायफल बाळगतो तिच्याबद्दल. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं कैद. जांबोटीच्या नाहीतर भीमगडच्या रानात कुणी "हात साफ करायला चल" म्हणाला तर त्याची संगत त्याच दिवशी सोडा. एकदा नावावर गुन्हा लागला की व्हिसाचे कागद पोलिसातच अडकतात, आणि या धंद्यात तर अशा माणसाला कुणी दारात उभं करत नाही.

आता काडतुसाचं. .३७५ हे १९१२ सालचं, हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या घराण्याचं; आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचात. ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला सुमारे २५०० फुटांनी जाते, ऊर्जा ५८०० जूलच्या आसपास. झिंबाब्वेच्या नियमात हत्ती, पाणघोडा आणि आफ्रिकी रानरेड्यासाठी किमान ९.२ मिलिमीटर व्यास आणि ५.३ किलोजूल ऊर्जा लागते. .३७५ त्यात आरामात बसते. बऱ्याच ठिकाणी तर किमान मर्यादा म्हणून तिचंच नाव घेतात. घरी आजोबांच्या परवान्यावरची .३१५ आहे, ती चालेल का, असंही विचारतात. नाही चालणार. ती आठ मिलिमीटरची, व्यासातच कमी पडते. पण तिच्यावर बोल्ट चालवायची सवय झाली असेल तर ती सवय इथं शंभर टक्के कामाला येते.

.३७५ च्या वर .४१६ रिग्बी (१९११ ची, ४०० ग्रेन, सुमारे ७००० जूल), .४०४ जेफरी, .४५८ विंचेस्टर (१९५६) आणि .४५८ लॉट. दुनळीत .४७० नायट्रो एक्सप्रेस. या .४७० च्या जन्मात आपल्या देशाचा हात आहे: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी घातली, बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना ती पुरतील या भीतीनं. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५ आणि .४७० अशी शेजारची मापं काढली. दुनळी सुंदर असते, दोन बार लागोपाठ देते, पण तिची किंमत बघून नवशिक्यानं हात मागं घ्यावा. शिवाय तिच्या दोन्ही नळ्या एकाच ठरावीक काडतुसावर जुळवलेल्या असतात. गोळी बदलली की दोन्ही बार एका जागी लागत नाहीत.

इथं एक शहाणा हमखास हात वर करतो: "त्या जुन्या हत्तीशिकारी कारामोजो बेलनं सात मिलिमीटरनं हजारावर हत्ती मारले, मग .३७५ तरी कशाला?" बेलनं बहुतेक हत्ती ७×५७ नं पाडले हे खरं. पण त्याला हत्तीच्या डोक्यातला मेंदू कुठल्या कोनातून कुठं येतो हे तोंडपाठ होतं. तो न बुजलेल्या जनावरावर, न फुटणाऱ्या सॉलिड गोळीनं, स्वतः निवडलेल्या क्षणी बार टाकायचा. गाईडचं काम उलटं असतं. क्षण जनावर निवडतं. दुसऱ्या कुणाच्या गोळीनं जखमी झालेला रेडा झुडपातून निघतो तेव्हा तुमच्या हातात सात मिलिमीटर नको.

म्हणजे मोठी नळी बरी, असंच वाटतं ना? याच ठिकाणी चकवा लागतो, म्हणून हे जरा लांबवून सांगतो.

कॅम्पवर सुरुवातीला रायफल तुमची नसते. रॅकवर असतात, त्यातली एक घ्यायची असते. मी .४५८ लॉट घेतली, कारण कागदावर ती .३७५ पेक्षा तिसऱ्या हिश्शाहून अधिक ऊर्जा देते, आणि एका जुन्या माणसानं पाठ थोपटून "हीच घे" म्हटलं. पहिले काही बार चांगले गेले. मग गोळ्या खाली आणि डावीकडं जाऊ लागल्या. मी दुर्बिणीचे स्क्रू फिरवले. थोडा वेळ बरं, पुन्हा खाली-डावीकडं. पुन्हा स्क्रू. गोळीचा ब्रँड बदलून पाहिला. हा चकवा असा आहे की दोष माणसात असतो आणि दिसतो मात्र रायफलीत. लॉटचा धक्का .३७५ च्या दीडपटीहून अधिक. खांदा तो सोसतो, दुखतही नाही, पण शरीरानं मनाशी काही ठरवून टाकलेलं असतं. चाप सुटण्याच्या क्षणभर आधी डोळा मिटतो, मनगट आवळतं, नळी खाली झुकते. पुढच्याच क्षणी बार होतो आणि त्या आवाजात, त्या उसळीत ती झुकणी झाकली जाते. तुम्हाला स्वतःला ती कधीच दिसत नाही. म्हणून तुम्ही शपथेवर सांगता की नेम बरोबर होता.

उघडं पडतं ते एकाच रीतीनं. दुसऱ्या कुणाला तरी मॅगझिन भरायला लावा, तुमच्या नजरेआड, आणि खऱ्या काडतुसांत एक-दोन डमी, म्हणजे बार न होणारी नकली काडतुसं, मिसळायला सांगा. डमीवर चाप ओढला की बार होत नाही, पण नळी ढुंगण आपटल्यासारखी खाली जाते, आणि ते तुमच्यासकट सगळ्यांना दिसतं. माझी नळी गेली तेव्हा प्रशिक्षकानं काही न बोलता लॉट काढून घेतली आणि .३७५ हातात दिली. ती सवय लागायला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट ती मोडायला लागतो. आधी हलकी .२२, मग कोरे चाप (काडतुसाशिवाय ओढलेले), मग डमी मिसळलेली .३७५, एका बैठकीत थोडेच बार, कानांत बोळे आणि त्यावर इअरमफ. टेबलावर बसून मोठी रायफल उडवायची नाही. बसलेलं अंग मागं हलत नाही, सगळा धक्का खांद्यातच मुरतो. उभं राहून, तीन काठ्यांच्या टेकूवर.

सैनिकी घरातल्या पोरांनी हे दोनदा वाचावं. आपल्याकडं घरटी कुणीतरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत असतो, आणि "मला फायरिंग येतं" हा भरवसा त्यातून येतो. सैन्यातली इन्सास रायफल ५.५६ मिलिमीटरची, तिचा धक्का नावालाच. त्या सरावातली शिस्त सोन्यासारखी आहे, पण ३०० ग्रेनच्या गोळीचा धक्का सोसायची तयारी त्यातून होत नाही.

दुसरं, दस्ता. आफ्रिकेतल्या रायफली धिप्पाड माणसांच्या मापानं बांधलेल्या असतात. आपल्यासारख्या मध्यम चणीच्या माणसाला दस्ता लांब पडतो, मग मान पुढं ताणली जाते आणि दुर्बिणीची कड भुवईला लागते. कुऱ्हाडीचा दांडा वापरणाऱ्याच्या हातानुसार घालतात, तसा दस्ताही कापून घ्यावा. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथं करा. मझल ब्रेकवर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायच्या धक्का-रोधकावर, नको. ब्रेकनं धक्का कमी होतो, पण आवाजाचा फटकारा बाजूला फेकला जातो, आणि बाजूला तुमचा ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, उभा असतो. त्याच्या कानांच्या मोलानं स्वतःचा खांदा वाचवणारा माणूस मला पटत नाही.

गोळीबद्दल थोडक्यात, कारण हे पुस्तकांतही नीट मिळतं. हत्ती आणि पाणघोड्याला सॉलिड: न फुटणारी, सरळ आरपार जाणारी. सिंह-बिबट्याला सॉफ्ट, जी आत जाऊन फुलते. रेड्याला पहिली मजबूत बांधणीची सॉफ्ट, मागून सॉलिड, असं बरेच जण भरतात. मात्र साधी, शिशावर पातळ तांबं चढवलेली सॉफ्ट रेड्याच्या खांद्याच्या हाडावर फुटून विखुरते, तिथं नळीचा आकडा काही मदत करत नाही. आणि काळीज-फुप्फुसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुढं आणि खाली असतात, पुढच्या पायाच्या आडच. चित्रं बघून जागा पाठ करा.

बोल्टमध्ये मॉसर पद्धतीचा रुंद पंजा असलेली रायफल बघा. काडतूस मॅगझिनमधून निघतानाच पंजा त्याची कड धरतो, त्यामुळं घाईत बोल्ट अर्धवट ओढून पुन्हा ढकलला तरी दोन काडतुसं एकमेकांवर चढत नाहीत. सीझेड ५५० आणि पंजावाली विंचेस्टर मॉडेल ७० या त्यातल्या पोटापाण्याच्या रायफली. .३७५ चं काडतूस निमुळतं असल्यानं आत जातंही गुळगुळीत. चाळीस अंशांच्या उन्हात .४१६ रिग्बीचा कमी दाबही असाच उपयोगी पडतो: पुंगळी चिकटत नाही. .३७५ वर हात पक्का बसला की रिग्बीकडं जायला माझी काही हरकत नाही.

गुरू निवडताना तो बार होताना कुठं बघतो ते बघा. निशाणाच्या कागदाकडं बघणारे पुष्कळ. तुमच्या नळीकडं, डोळ्याकडं, चापावरच्या बोटाकडं बघणारा मिळाला तर त्याची बोलणी खाऊन राहा. मोठ्या जनावरांच्या गोष्टी सांगणारा, पण डमी भरून द्यायला कंटाळणारा, कितीही नावाजलेला असला तरी सोडा. आणि ऊर्जेचे तक्ते दाखवून काडतूस सुचवणाऱ्या व्हिडिओंवर रात्री घालवू नका.

घाबरायचं कारण नाही, हेही तेवढ्याच जोरात सांगतो. खानापूरच्या पोराला एक गोष्ट आधीच येते, जी इथं शहरी पोरांना शिकवून शिकवून येत नाही. गवा वाटेत उभा असताना वारा कुठला आहे, तो मान वर करून बघतोय की खाली घालतोय, माघार कुठून घ्यायची, हे तुम्ही शेतावर जाता-येता शिकलेले असता. गव्याचा मोठा नर वजनानं आफ्रिकी रेड्याला भारीच पडतो. हे वाचता येणाऱ्या गाईडला रायफल खांद्यावरून उतरवायची वेळच क्वचित येते, आणि कॅम्पवाले असाच माणूस शोधत असतात.

निघण्याआधी बेळगावात करण्यासारखं एवढंच. एखाद्या परवानाधारक शूटिंग क्लबात .२२ किंवा एअर रायफलवर उभ्यानं सराव, खाली बसून नाही. रोज उजव्या खांद्याला जड पिशवी टांगून चढ-उतार चालणं, कारण साडेचार किलोची रायफल दिवसभर तशीच न्यायची असते. इंग्रजी बोलायला लाजू नका, ट्रॅकरशी खुणांनी बोलायची तयारी ठेवा. आणि पहिल्या दिवशी रॅकसमोर उभं केल्यावर कुणी लॉटकडं बोट दाखवलं, तर "सर, .३७५ द्या, आणि आधी डमी मिसळून द्या" एवढं वाक्य इंग्रजीत पाठ करून जा.