मूल गाणं शिकतंय? घरच्यांनी काय करायचं

मला स्वतःला गाणं येत नाही. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो, मी अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर काम करतो. मुलगी सातव्या वर्षी कॉलेज रोडच्या एका क्लासला जायला लागली, तेव्हा फी भरली आणि वेळेवर सोडलं-आणलं की आपलं काम झालं, असं मी धरून चाललो होतो. पहिलं दीड वर्ष तसंच गेलं. आठवड्यातून दोन दिवस क्लास, उरलेले पाच दिवस पेटी (हार्मोनियम) दिवाणात. शिकवणाऱ्या ताईंना दर वेळी मागचंच परत घ्यावं लागायचं. एके दिवशी त्यांनी मला थांबवून सांगितलं, "क्लासमध्ये मी फक्त दाखवते. गळ्यावर बसतं ते घरी."

तिथून पुढे जे जे करून पाहिलं आणि उपयोगी पडलं, ते इथे लिहितोय. उदाहरणं गायनाची जास्त आहेत, पण तबला किंवा पेटी शिकणाऱ्या मुलांच्या घरीही बहुतेक गोष्टी अशाच लागू पडतात. आई-वडिलांना संगीत यायलाच हवं असं नाही. घरात रोज ऐकणारं एक माणूस मात्र हवं.

क्लास ठरवण्याआधी

नाव घालायच्या आधी तासभर क्लासमध्ये जाऊन बसा, बहुतेक शिक्षक बसू देतात. तिथे मूल चुकलं की काय होतं, एवढंच बघा. शिक्षक थांबवून तीच ओळ सावकाश म्हणून दाखवतात, की सगळ्यांना एकत्र पुढे रेटतात? एका वेळी किती मुलं बसतात, घरी काय करायचं ते ठरवून देतात का, हे सरळ विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट पहिल्याच महिन्यात विचारा : आमच्या मुलाचा सा कुठला? सा म्हणजे गाण्याचा आधाराचा सूर, आणि तो जिथे धरतात ती त्या माणसाची पट्टी. लहान मुलांचा आवाज उंच असतो. मोठ्या माणसाच्या पट्टीत गायला लावलं, तर खालचे सूर लागतच नाहीत आणि मूल घसा दाबून गायला लागतं. ताईंनी आमच्या मुलीचा सा काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, ठरवून दिला. मोबाइलवर मागे सतत सूर धरून ठेवणाऱ्या तानपुऱ्याचं अ‍ॅप घेतलं, तर त्यात बहुधा इंग्रजी अक्षरं असतात. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. हे माहीत नसल्यामुळे आमच्याकडे दोन आठवडे भलत्याच पट्टीत रियाज झाला होता. तानपुरा सुरू केला की फोन फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे मधेच कुणाचा फोन येऊन सूर तुटत नाही.

जागा आणि वेळ

पेटी दिवाणात ठेवली की ती बाहेर निघत नाही. आम्ही हॉलच्या एका कोपऱ्यात पाट टाकला, त्यावर पेटी आणि वर सुती कापड. जाता-येता दिसते, म्हणून हात जातो. तबला-डग्ग्याचंही तसंच, चुंबळीवर मांडून झाकून ठेवलेला बरा.

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधली तर टिकते. आमच्याकडे दिवेलागण झाली की टीव्ही बंद, आणि आजीची माळ संपेपर्यंत रियाज. सात-आठ वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. दहा-बारा वर्षांपर्यंत अर्ध्या तासावर जायला हरकत नाही. रविवारी दोन तास बसवून आठवड्याची भरपाई होत नाही. गळ्याला आणि बोटांना रोजची थोडी सवय लागते.

रातपाळी असली की मी त्या वेळी घरी नसतो, तेव्हा तिची आई किंवा आजी ऐकते. कुणीच नसलं तर ती एक ओळ रेकॉर्ड करून मला पाठवते. चहाच्या सुट्टीत मी ती ऐकतो आणि उत्तरात काय ऐकू आलं ते लिहितो. नुसता अंगठा पाठवला, तर तिला ते चालत नाही.

त्या पंधरा-वीस मिनिटांत काय व्हावं

मुलाला नुसतं "रियाजाला बस" म्हटलं, तर ते येणारं गाणं तीन वेळा म्हणून उठतं. म्हणून ताईंकडून क्रम लिहून घेतला आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला. सुरुवातीला चार-पाच मिनिटं नुसता सा, श्वास पुरेल तेवढा लांब. मग एक-दोन पलटे, म्हणजे ठरावीक क्रमाने फिरणारे सूर, अगदी सावकाश. त्यानंतर क्लासमध्ये नवीन मिळालेलं. शेवटी तिला आवडतं ते काहीही, मग ते शाळेतलं समूहगीत असलं तरी चालेल. हा शेवटचा भाग कापू नका. मूल उद्या परत बसतं ते बरंचसं त्याच्यामुळे.

नवीन मिळालेलं बसवताना घरच्यांची खरी मदत होते. आमचा एक प्रसंग सविस्तर सांगतो.

भूप रागातली छोटी बंदिश, म्हणजे तालात बांधलेलं गाणं, होती, त्रितालातली, नवव्या मात्रेवरून उठणारी. त्रिताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात उलटा. पहिली मात्रा म्हणजे सम. मुलगी स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, नीट म्हणायची, पण अंतऱ्यावरून, म्हणजे दुसऱ्या भागावरून, परत येताना समेवर एक मात्रा आधीच पोचायची. तिने पूर्ण बंदिश दहा वेळा म्हटली आणि दहाही वेळा तिथेच चुकली. मी हातावर ताल देत होतो. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही पळताय." खरंच होतं. तिचा आवाज वर चढला की माझा हातही जलद होत होता.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. ताल अ‍ॅपवर लावला, नेहमीपेक्षा बराच सावकाश. आणि पूर्ण बंदिश सोडून फक्त अंतऱ्याची शेवटची ओळ आणि स्थायीचा पहिला शब्द, एवढाच तुकडा घेतला. गाण्याआधी तिने तो नुसता बोलून दाखवला, मी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजल्या. तेव्हा कळलं, की ओळीतलं एक अक्षर दोन मात्रा लांबवायचं होतं आणि ती ते एकीतच संपवत होती. पाच वेळा तुकडा, मग आधीच्या ओळीपासून, मग सगळं. पुढच्या क्लासला ती समेवर बरोबर आली.

तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे : चूक होईल तेवढाच तुकडा, निम्म्या लयीत, आणि बरोबर आलेलं पाच वेळा. चुकलेलं पुन्हा पुन्हा म्हटलं, तर चूकच पाठ होते.

वही वाचायला शिका

मुलाच्या वहीतली स्वरलिपी, म्हणजे स्वर लिहायच्या खुणा, पालकांना वाचता आली, तर बरीच अडचण दूर होते आणि त्याला तासभरही लागत नाही. फक्त वही कुठल्या पद्धतीत लिहिली आहे ते आधी विचारा. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असलं तर तो तार (वरच्या) सप्तकातला, खाली असलं तर मंद्र (खालच्या) सप्तकातला, आणि कोमल स्वराखाली आडवी रेघ. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं असतं आणि तार सप्तकाला उभी रेघ. एकच खूण, दोन उलटे अर्थ. यूट्यूबवरून उतरवलेली बंदिश आणि क्लासची वही यांची गफलत बऱ्याचदा इथेच होते.

ती दुसरी पद्धत बसवणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचं नाशिकशी जवळचं नातं आहे. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि साध्या घरांतल्या मुलामुलींसाठी गाण्याची दारं उघडली. उत्तरायुष्यात ते नाशिकला राहिले, पंचवटीत त्यांचा रामनाम आधार आश्रम होता. पंचवटीतल्या पलुस्कर सभागृहावरून जाताना ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. आपल्या वहीतल्या खुणा कुणीतरी आपल्याच गावात राहिलेल्या माणसाने बसवल्या, हे कळल्यावर माझी मुलगी त्या खुणा जपून काढायला लागली.

काय बोलायचं

"छान" या शब्दाने मुलाला काही कळत नाही. त्यापेक्षा जे ऐकू आलं ते सांगा : "आज दुसऱ्या ओळीला श्वास पुरला", "काल पलट्यात अडखळत होतीस, आज नाही अडखळलीस." यासाठी राग ओळखता यावा लागत नाही, लक्ष देऊन ऐकावं लागतं.

सूर चुकला की नाही, हे सांगायचं काम शिक्षकांवर सोडा. शंका आली तर "पेटीवर तो सूर धरून बघ बरं" एवढंच म्हणा, मूल स्वतःच ऐकून ठरवतं. आणि क्लासहून आल्यावर "नीट म्हटलंस ना?" असं विचारण्याऐवजी "आज काय नवीन दिलं? मला शिकव" म्हणा. मला शिकवताना तिला स्वतःला कुठे येत नाही ते कळतं. माझा हात पळतो हे तिला कळलं, तसंच.

पाहुणे आले की "चल, म्हणून दाखव" हे मात्र पूर्ण बंद करा. हे मी मनापासून सांगतो. मूल नाही म्हणालं तर आपण रागावतो, हो म्हणालं तर चहाच्या कपांच्या आवाजात त्याला गावं लागतं आणि दुसऱ्या ओळीला कुणीतरी बोलायला लागतं. गाणं ही ऐकण्यासारखी गोष्ट आहे, हे मुलाला आपणच शिकवायचं असतं.

क्लासमधलं रेकॉर्ड करायचं असेल तर शिक्षकांना विचारून करा, आणि ते पुढे कुठेही पाठवू नका.

वाद्य आणि गळा

नाशिकच्या पावसाळ्यात भिंती ओल धरतात. पेटी भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि आठवड्यातून दोनदा तरी वाजवा. बंद पेटीत कसर लागते आणि भाता कुरतडला जातो. तबल्याचं चामडं दमट हवेत सैल होतं, सूर उतरतो. थंडीतल्या कोरड्या हवेत तेच ताठ होऊन सूर चढतो. म्हणून जुलैत लावलेला तबला डिसेंबरला तसाच्या तसा सुरात राहील, असं धरू नका. सूर लावायचे लाकडी गट्टे ठोकण्याची घाई करू नका, शिक्षकांकडून दोन-तीनदा पाहून मगच हातोडी हातात घ्या. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत तबला ठेवू नका, पुडी, म्हणजे वरचं चामडं, तडकते.

गळ्यासाठी एकच : डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उठल्या उठल्या वरच्या सुरात गायला लावू नका. आधी खालच्या सुरांवर गळा मोकळा होऊ द्या. आवाज बसला असेल तर त्या दिवशी गाणं बंद, नुसता ताल हातावर धरायचा. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला आणि आवाज फुटायला लागला, की पट्टी बदलते. तेव्हा शिक्षकांशी बोलून सा खाली आणा, आणि जुन्या पट्टीत गाण्याचा हट्ट धरू नका. त्याला वाटतं आपलं गाणं गेलं. तसं नसतं, हे त्याला आपण सांगायला हवं.

परीक्षा

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, पुढे प्रवेशिका, मध्यमा, विशारद. चांगल्याच असतात, अभ्यासाला शिस्त लागते. फक्त कुठल्या सत्राला बसवायचं हे शिक्षकांना ठरवू द्या. दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून आठवी-नववीत भराभर परीक्षा उरकणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांतली मुलं दहावीनंतर पेटी उघडत नाहीत. शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत रियाज बंद न करता दहा मिनिटांवर आणा. पूर्ण सुटलेला रियाज परत सुरू करणं फार जड जातं.

ऐकवायला न्या

क्लास आठवड्यातून दोन तास, पण कान दिवसभर उघडे असतात. दिवाळीत पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला मुलांना घेऊन जा. पहाटे उठवायला त्रास होतो, पण थंडीत शाल गुंडाळून, समोर माणूस गाताना बघणं वेगळंच असतं. कालिदास कलामंदिर किंवा कुसुमाग्रज स्मारकातल्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा. पूर्ण मैफल बसवण्याचा आग्रह नको. मूल कंटाळलं की उठा, पण जेवढा वेळ आत आहात तेवढा वेळ तुमचाही फोन खिशात राहू द्या.

"मला नाही जायचं आता"

हे एकदा तरी येतंच. आमच्याकडे आठवीत आलं. ट्यूशन, शाळा, आणि मैत्रिणींपैकी कुणीच गात नव्हतं. मी आधी फीचा हिशेब काढला, ती चूक झाली, त्यावर ती रडली. नंतर ताईंशी तिच्यासमोरच बोललो. ठरलं असं, की तीन महिने परीक्षेचं काही घ्यायचं नाही, क्लास आठवड्यातून एकदाच, आणि तिला हवं ते गाणं. त्यानंतर ती सांगेल ते खरं, कुणी आग्रह करणार नाही. मीही तसा शब्द दिला, आणि तिने बंद म्हटलं असतं तर पाळलाही असता.

तिने अभंग मागितला. ताईंनी दिला. आजीला तो येत होता, मग दिवेलागणीला दोघी मिळून म्हणायला लागल्या, आजी माळ संपवून टाळ धरायची. तीन महिन्यांनी मी विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. त्या सोमवारी घरी आलो तेव्हा तानपुरा आधीच लावलेला होता, काळी चार, आणि ती माळ संपायची वाट बघत बसली होती.