वर्धा रोडची सिगडी धरमपेठेत नेताना: चालतं नाव मागे ठेवून शहरात दुसरं हॉटेल कसं काढायचं

आमचं जुनं हॉटेल नागपूरबाहेर वर्धा रोडवर आहे, अंगणात लाकडी कोळशाच्या सिगड्या, बसायला बाजा, रविवारी रात्री बाहेर गाड्यांची लाईन. लोक कितीतरी दिवस विचारून राहिले होते की शहरात कधी येता, आणि शेवटी आम्ही आलो, धरमपेठेत, पण वेगळ्या नावानं. तेव्हापासून फोन येतच असतात, कोणी हिंगणा रोडचा तंदूरवाला, कोणी अमरावती रोडचा ढाबेवाला, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच की भाऊ, चालतं नाव सोडून नवं कशाला, आणि काढायचं तर सुरुवात कुठून करायची. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. हॉटेलांची नावं लिहीत नाही, ही जाहिरात नाहीये.

पहिलं काम नाव शोधायचं नाही. एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि लिहा की जुन्या हॉटेलातलं काय काय शहरात येऊच शकत नाही. आमच्या वहीत निघालं असं: रान, म्हणजे बोकडाची अख्खी मांडी, कारण ती मंद आचेवर चार तास घेते, अंगण, बाजा, गाड्या लावायची जागा, आणि गिऱ्हाईकाच्या हातातला वेळ. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. जो माणूस रविवारी पोराबाळांना घेऊन वर्धा रोडला येतो तो दोन तास काढूनच येतो, तोच माणूस मंगळवारी दीड वाजता ऑफिसातून उतरला की त्याच्याकडे चाळीस मिनिटं असतात. बोर्डावर जुनं नाव असलं की तो बसल्याबरोबर रानच मागणार, तुम्ही सकाळी केलेली गरम करून देणार, आणि तो उठताना म्हणणार की तिकडची मजा नाही. हे वाक्य नव्या हॉटेलापुरतं राहत नाही, ते वर्धा रोडपर्यंत जातं. वेगळं नाव यासाठी असतं. आणि तुमच्या वहीत असं काहीच निघालं नाही, म्हणजे सगळा मेनू, सगळा वेळ, सगळं जसंच्या तसं शहरात येत असेल, तर नाव अजिबात बदलू नका, सरळ शाखा काढा, उगाच नवी ओळख उभी करायला पैसा लागतो.

अमेरिकेत टेक्सासमधे ऑस्टिन शहर आहे, तिथल्या आरोन फ्रँकलिनचं हे उदाहरण मी दादाला दाखवलं होतं. त्यानं २००९ मधे एका ट्रेलरमधून बार्बेक्यू विकायला सुरुवात केली, फक्त दुपारी, माल संपला की बंद, आणि त्याच्या ब्रिस्केटसाठी, म्हणजे धुरावर शिजलेल्या छातीच्या मांसासाठी, लोक सकाळपासून रांगेत उभे राहायला लागले. ती रांग, ती बारा-बारा तासांची भट्टी दुसरीकडे उचलून नेता येत नाही. म्हणून २०१८ मधे त्यानं टायसन कोल या दुसऱ्या शेफबरोबर हॉटेल काढलं तेव्हा त्याला फ्रँकलिन नाव दिलंच नाही, 'लोरो' ठेवलं, धूर तोच पण चव आशियाई, आणि मग ते ह्यूस्टन-डॅलसलाही गेलं. मूळ जागा होती तशीच राहिली. दादा त्याआधी म्हणत होता की नाव सोडणं म्हणजे बाबांची कमाई सोडणं, हे बघून तो जरा थांबला.

आता मेनू. हात तोच ठेवा, ताट बदला. मसाला, कोळसा, दही बांधायची पद्धत, कलेजीला मीठ कधी लावायचं हे सगळं जुन्याकडूनच आणायचं, पण पदार्थ असे निवडायचे की मॅरिनेट होऊन तयार आहेत आणि निखाऱ्यावर बारा-पंधरा मिनिटांत होतात. सीख, टिक्का, कोंबडीची बोनलेस थाय म्हणजे मांडी, आणि त्याबरोबर पोळी किंवा भात. जुन्या मेनूतले फार तर दोन पदार्थ नव्याकडे, त्याहून जास्त नको, नाहीतर दोन्हीकडे एकच गिऱ्हाईक फिरत राहतं आणि धंदा वाढत नाही, फक्त वाटला जातो.

आणि इथे मला मनापासून एक सांगायचं आहे. आपण बार्बेक्यू म्हटलं की पंजाबकडे नाहीतर हैदराबादकडे बघतो, पण निखाऱ्यावर भाजायचं आपल्या वऱ्हाड-नागपुराला काय कमी येतं का? कणकेचे रोडगे आहेत, पानगे आहेत, भरताचं वांगं आहे, हिवाळ्यात हुरडा आहे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा फोडून त्यावर तूप आणि बाजूला वांग्याची भाजी, हे शेतातल्या स्वयंपाकात आणि भंडाऱ्याच्या पंगतीत मिळतं, शहरातल्या टेबलावर सहज मिळत नाही. आम्ही शहरात गोवऱ्या पेटवू शकत नाही म्हणून छोटे रोडगे आधी वाफवून मग कोळशाच्या तंदूरात टाकतो, अगदी तीच चव येते असं मी म्हणणार नाही, पण जवळ येते, आणि नव्या हॉटेलात सगळ्यात जास्त विचारला जाणारा पदार्थ तोच झाला आहे. शिवाय नागपुरात अर्ध्या टेबलांवर कोणी ना कोणी सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणारं असतंच, त्यांच्यासाठी सोय म्हणून पनीर ठेवलं तर ते सोय म्हणूनच खातात, रोडगे-भरीत ठेवलं तर त्यासाठी परत येतात. तुमच्या जुन्या ठिकाणी जे करायला कधी जागाच नव्हती असं काहीतरी नव्या नावाखाली करा.

जागा बघताना लोक आधी भाडं बघतात. आधी वर बघा. धूर कुठून जाणार? आम्ही पहिला गाळा पसंत केला तो एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, समोर मस्त काच, इसार देऊन मोकळे झालो, आणि मग हूडवाला, म्हणजे धूर ओढणारा हूड बसवणारा माणूस आला, तो म्हणाला डक्ट, म्हणजे धुराची नळी, गच्चीपर्यंत न्यायला रस्ताच नाही, मधे तीन घरांच्या खिडक्या आहेत. सोसायटीनं नकार दिला, त्यांचं बरोबरच होतं, आणि इसारातले अर्धे पैसे गेले. म्हणून क्रम असा ठेवा: हूडवाला आधी, सोसायटीची लेखी परवानगी नंतर, मालकाशी भाड्याची बोलणी सगळ्यात शेवटी. डक्ट छताच्या वर निघाला पाहिजे, मधे ग्रीस साफ करायला दारं पाहिजेत, तंदूर-सिगडीचा हूड गॅसच्या हूडपासून वेगळा असला तर उत्तम, कारण ठिणगी आणि तूप एका नळीत गेलं की आग लागते. महावितरणचा मंजूर लोड किती आहे तेही तेव्हाच बघा, मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसला जातं तेव्हा सिगडीशेजारी एसी चालवायचा असतो.

गॅसच्या ग्रिलसाठी पाईपची तरतूद आजच करून ठेवा. मुंबईत जानेवारी २०२५ मधे हायकोर्टानं बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिने दिले आणि पाठोपाठ तिथल्या महापालिकेनं कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही नोटिसा काढल्या. तो आदेश मुंबईचा होता, पण उद्या आपल्याकडे आला तर फरशी फोडायची वेळ नको.

बर्डी (सीताबर्डी) की धरमपेठ की सदर यावर खूप वाद होतात. बर्डीला माणूस भरपूर, ॲक्वा आणि ऑरेंज दोन्ही मेट्रो तिथेच मिळतात, पण तो माणूस खरेदीच्या घाईत असतो, त्याला हातात घेऊन खायचं असतं. रामदासपेठेत दवाखाने आणि ऑफिसं, दुपार चांगली. धरमपेठ-गोकुळपेठेत संध्याकाळ चांगली, पार्किंगचं मात्र बोलूच नका. आम्ही तीन ठिकाणी मंगळवारी दुपारी आणि शनिवारी रात्री स्कूटर लावून उभे राहून माणसं मोजली, तुम्हीही तेच करा, कोणत्याही ब्रोकरचं ऐकण्यापेक्षा ते बरं.

नाव आता. ज्या नावात पदार्थाचं, पद्धतीचं किंवा गावाचंच नाव आहे, नुसतं 'सावजी' किंवा 'सिगडी' असं, ते ट्रेडमार्क म्हणून टिकवणं अवघड असतं, ते सगळ्यांचं असतं. थोडं वेगळं, मराठीत पटकन म्हणता येणारं, फोनवर एकदा सांगितलं की कळणारं नाव घ्या. ट्रेडमार्कच्या सरकारी, म्हणजे आयपी इंडियाच्या साईटवर फुकट शोधता येतं, हॉटेलसाठी क्लास ४३ बघायचा, आणि पुढेमागे मसाला पाकिटात विकायचा विचार असेल तर क्लास ३० पण. अर्जाची सरकारी फी एका क्लासला एका माणसासाठी किंवा छोट्या धंद्यासाठी ऑनलाईन ४,५०० रुपये आहे, ट्रेडमार्क जर्नलमधे छापून आल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात, नोंदणी झाली की दहा वर्षं. हा अर्ज बोर्ड करायला टाकायच्या आधी करा. आणि जुन्या नावाचाही केला नसेल तर त्याच दिवशी करून टाका, कारण तुम्ही शहरात वेगळ्या नावानं आलात हे बघून कोणीतरी तुमचंच जुनं नाव घेऊन शहरात उभा राहू शकतो.

अर्ज कोणाच्या नावावर हे घरात बसून ठरवा. हल्दीराम हे नाव एकाच घराच्या नागपूर, दिल्ली, कोलकाता अशा शाखांकडे गेलं आणि दिल्ली-कोलकात्यात त्या नावावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. आपण त्या मानानं छोटी माणसं, पण दोन भाऊ आणि दोन नावं म्हटल्यावर उद्या कोणतं कोणाचं हा प्रश्न येणारच. आम्ही दोन्ही नावं फर्मच्या नावावर ठेवली, वहिनी म्हणाली म्हणून, आणि ती बरोबर होती.

बोर्ड मराठीत, देवनागरीत, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, हा २०२२ पासून महाराष्ट्रात नियमच आहे. बाकी कागद पटकन सांगतो. फूड लायसन्स प्रत्येक जागेचं वेगळं लागतं, जुन्याच्या चौदा आकडी नंबरवर नवं चालत नाही, आणि तो नंबर बिलावर छापावा लागतो. जीएसटी नंबर मात्र एकाच राज्यात एकाच फर्मचा तोच चालतो, नवी जागा त्यात जोडून घ्यायची, नवं नाव कसं दाखवायचं ते सीएला विचारा. हॉटेलच्या पाच टक्के जीएसटीत इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, म्हणून हूड, फर्निचर, भाडं यांवरचा जीएसटी पहिल्या दिवसापासून खर्चातच धरा, आम्ही बजेटमधे तो विसरलो होतो आणि शेवटी टेबलं कमी घ्यावी लागली. फायरची एनओसी कोळशावाल्यांनी टाळू नये, बस.

माणसांचं सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. जुन्या भट्टीवरचा उस्ताद नव्याकडे नेऊ नका. मोह होतो, कारण नवं उघडताना धाकधूक असते आणि उस्ताद असला की झोप लागते. पण वर्धा रोडला तो हलल्याचं पहिल्याच रविवारी लोकांना कळतं. आम्ही त्याच्या हाताखालचे दोन पोट्टे सहा महिने आधीच वेगळे तयार केले, उस्तादालाच सांगितलं की उस्ताद, तुमचे दोन माणूस तयार करून द्या, त्यांच्या पगाराबरोबर तुमचा पण वाढवू. तो आठवड्यातून एकदा, बुधवारी, नव्या हॉटेलात येऊन फक्त चाखतो आणि जातो. तेवढं पुरतं.

मॅरिनेशन मात्र जुन्याच ठिकाणी करा, एकाच हातानं, आणि सकाळी थंड डब्यांत नव्याकडे पाठवा. पाच डिग्रीच्या वर जाता कामा नये, नागपूरच्या उन्हात ॲल्युमिनियमच्या डब्यात टेम्पोतून पाठवणं म्हणजे रोग पाठवणं, आईसबॉक्स घ्या, आत थर्मामीटर ठेवा, उतरवताना आकडा वहीत लिहा. भाजल्यावर चिकन आत पंच्याहत्तर डिग्रीला पोचलं पाहिजे, सळईवाल्या थर्मामीटरनं रोज दोनदा तपासा. दुसरीकडे माल पाठवायचं काम जुन्याच्या लायसन्सवरही नोंदवून घ्या.

हे हॉटेल कोणाचं हे लपवायचं का? नाही. नागपुरात ते दोन दिवस पण लपत नाही. बोर्डावर लिहू नका, पण जुन्या गिऱ्हाईकांना सगळ्यात आधी तुमच्या तोंडून कळू द्या. आम्ही वर्धा रोडच्या बिलाच्या मागे दोन ओळी छापल्या की शहरात दुसरं काहीतरी सुरू करतोय, तिथे रान मिळणार नाही, रोडगे मिळतील. 'मिळणार नाही' हे छापल्यामुळे नंतर भांडणं वाचली. डिलिव्हरी ॲपवर आम्ही सुरुवातीला नव्या नावापुढे जुनं नाव पण टाकलं होतं, आठवडाभर लोक रान शोधत फोन करत राहिले, काढून टाकलं तेव्हा शांत झालं.

उघडायचं कधी? श्रावणात नाही. श्रावणात स्टाफला शिकवा, हूड चालवून बघा, नातेवाईकांना फुकट जेवू घाला. पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पण नाही, कारण त्या दिवशी जुन्याकडेच पाय ठेवायला जागा नसते आणि तुम्ही तिथे पाहिजेत. दिवाळी झाली की नोव्हेंबरात उघडा, म्हणजे डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाला बाहेरगावची माणसं येतात तोवर हात बसलेला असतो आणि थंडीत निखाऱ्याजवळ बसायला लोकांना आवडतं.

पहिले तीन महिने रोज रात्री दोन्हीकडचा गल्ला शेजारी शेजारी लिहा. नव्याचा आकडा सगळेच बघतात, तुम्ही जुन्याचा बघा, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावून. तो दोन आठवडे सलग खाली गेला तर नव्याकडची धावपळ दादाकडे सोपवून वर्धा रोडला जाऊन बसा, भट्टीजवळ, आणि गिऱ्हाईक काय बोलून राहिले ते ऐका.